अखेरच्या वर्षाचा प्रकल्प : संगणकशास्त्राच्या विद्यार्थ्याची खरी परीक्षा

अभियांत्रिकीचे शिक्षण हा विषय आता खेड्यापाड्यांतील कुटुंबांनाही अपरिचित राहिलेला नाही. अमक्याचा मुलगा किंवा तमक्याची मुलगी ‘कॉम्प्युटरला’ आहे, एवढे गावात बहुतेकांना ठाऊक असते. परंतु ही मुले तेथे नेमके काय शिकतात, आणि विशेषतः शेवटच्या वर्षी वर्गातील तास कमी झालेले असतानाही ‘प्रोजेक्ट चालू आहे, सुट्टीला येता येणार नाही’ असे का कळवितात, याची स्पष्ट कल्पना फार थोड्या पालकांना असते. पदवीपूर्वीचे हे अखेरचे वर्ष विद्यार्थ्याच्या दृष्टीने सर्वांत निर्णायक असते. तीन वर्षे जे तुकड्यातुकड्यांनी शिकले, ते एकत्र करून एखादी उपयोगी वस्तू स्वतः उभी करता येते किंवा नाही, याची कसोटी या वर्षी लागते. या कसोटीचे स्वरूप काय, तिच्यात कोठे धोका आहे आणि गावकरी, शासकीय कर्मचारी व शिक्षक यांना तिच्यात कोणता वाटा उचलता येईल, याचा विचार येथे केला आहे. उदाहरणासाठी भोपाळ शहर घेतले असले, तरी यातील बहुतेक गोष्टी महाराष्ट्रातील महाविद्यालयांनाही लागू पडतात.

भोपाळचे नेहरू नगर

नेहरू नगर ही भोपाळच्या नैर्ऋत्य भागातील वसाहत होय. १९८२ साली स्थापन झालेल्या भारतीय वन प्रबंधन संस्थेचे आवार याच भागात आहे. १९६० साली मौलाना आझाद कॉलेज ऑफ टेक्नॉलॉजी या नावाने सुरू झालेली आणि २००२ साली राष्ट्रीय प्रौद्योगिकी संस्थेचा दर्जा मिळालेली शिक्षणसंस्थाही येथून फारशी दूर नाही. तिच्याच आवारात २०१७ साली भारतीय माहिती प्रौद्योगिकी संस्थेचे वर्ग सुरू झाले. याखेरीज १९९८ साली स्थापन झालेल्या राजीव गांधी प्रौद्योगिकी विश्वविद्यालयाशी संलग्न अशी अनेक खाजगी महाविद्यालये शहरात आहेत. त्यामुळे नेहरू नगरासारख्या वस्त्यांतून खोली भाड्याने घेऊन राहणारे, डबा लावून जेवणारे आणि रात्री उशिरापर्यंत संगणकासमोर बसणारे विद्यार्थी मोठ्या संख्येने आढळतात.

मराठी समाजाचा या शहराशी असलेला संबंध जुना आहे. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचना झाली, तेव्हा जुन्या मध्य प्रदेशाची राजधानी असलेल्या नागपूरऐवजी भोपाळ ही नव्या मध्य प्रदेशाची राजधानी ठरली. सचिवालयाबरोबर नागपूरचे अनेक कर्मचारी आपल्या कुटुंबांसह भोपाळला आले आणि त्यांतील पुष्कळ कुटुंबे तेथेच स्थायिक झाली. ग्वाल्हेर, इंदूर, देवास व धार येथील मराठी घराण्यांतील मंडळीही नोकरीच्या निमित्ताने या शहरात येत राहिली. याशिवाय सौंसर, मुलताई, बऱ्हाणपूर आणि २०२३ साली स्वतंत्र जिल्हा झालेले पांढुर्णा या सीमेलगतच्या भागांत मराठी भाषिकांची वस्ती आहे. तेथील मुलांना उच्च शिक्षणासाठी नागपूर आणि भोपाळ ही दोन्ही शहरे सोयीची पडतात. घरी मराठी, वर्गात इंग्रजी आणि बाजारात हिंदी अशा तीन भाषांत वावरणारा हा विद्यार्थी अखेरच्या वर्षी कोणत्या प्रश्नाला हात घालू शकतो, हे पुढे दिलेल्या उदाहरणावरून ध्यानात येईल.

चार वर्षांची चौकट

अभियांत्रिकी पदवीचा अभ्यासक्रम चार वर्षांचा, म्हणजे आठ सत्रांचा असतो. अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने २०१८ साली प्रसृत केलेल्या आदर्श अभ्यासक्रमात चार वर्षांसाठी एकंदर १६० श्रेयांक सुचविलेले आहेत. पहिल्या वर्षी गणित, भौतिकी आणि प्रोग्राम लिहिण्याचे पहिले पाठ असतात. दुसऱ्या वर्षी माहितीची मांडणी कशी करावी, म्हणजे ती चटकन शोधता येईल, हे शिकविले जाते. तिसऱ्या वर्षी संगणकाचे अंतर्गत व्यवस्थापन करणारी प्रणाली, माहितीचे साठे, संगणकांची परस्परजोडणी असे विषय येतात. चौथ्या वर्षी कृत्रिम बुद्धिमत्ता, माहितीची सुरक्षितता यांसारखे ऐच्छिक विषय असतात आणि त्यांच्याबरोबरच मोठ्या प्रकल्पाचे काम सुरू होते. हे काम सामान्यतः सातव्या व आठव्या अशा दोन्ही सत्रांत विभागलेले असते.

प्रकल्पासाठी दोन ते चार विद्यार्थ्यांचा गट केला जातो आणि प्रत्येक गटाला एक मार्गदर्शक प्राध्यापक नेमून देतात. प्रथम विषय ठरवावयाचा. त्यावर पूर्वी कोणी काय काम केले आहे ते वाचावयाचे. नंतर ज्यांच्यासाठी ही व्यवस्था करावयाची त्यांच्या गरजा लिहून काढावयाच्या. मग आराखडा, मग प्रत्यक्ष प्रोग्राम, त्यानंतर चाचणी आणि सरतेशेवटी अहवाल, असा हा क्रम असतो. मधूनमधून विभागातील प्राध्यापक कामाचा आढावा घेतात. वर्षाच्या शेवटी बाहेरचे परीक्षक येऊन प्रात्यक्षिक पाहतात व तोंडी परीक्षा घेतात. लेखी परीक्षेत प्रश्न परीक्षकाने काढलेला असतो आणि त्याचे उत्तर पुस्तकात सापडते. प्रकल्पात मात्र प्रश्न विद्यार्थ्यानेच शोधावयाचा असतो आणि त्याचे उत्तर बरोबर आहे किंवा नाही, हे ठरविण्याची रीतही त्यालाच शोधावी लागते. या वर्षाचे महत्त्व आहे ते यामुळेच.

एक उदाहरण : ‘काळे’ आणि ‘काले’

मध्य प्रदेशात राहणाऱ्या मराठी कुटुंबाला एक अडचण वारंवार भेडसावते. हिंदीच्या नेहमीच्या वर्णमालेत ‘ळ’ हे अक्षर नाही. म्हणून ‘काळे’ हे आडनाव एका कागदावर ‘काळे’, तर दुसऱ्यावर ‘काले’ असे लिहिले जाते. ‘कुळकर्णी’चे ‘कुलकर्णी’ होते, तर ‘पाटील’ कधी ‘पाटिल’ असे उमटते. जमिनीच्या खात्यावर एक नाव, बँकेच्या पुस्तकात दुसरे आणि ओळखपत्रावर तिसरे असे झाले की अनुदान अडकते, शिष्यवृत्ती थांबते आणि कार्यालयाच्या खेपा सुरू होतात. मध्य प्रदेशात समग्र योजनेखाली प्रत्येक कुटुंबाला आठ अंकी व प्रत्येक व्यक्तीला नऊ अंकी क्रमांक दिला जातो; तरीही दोन याद्या जुळविताना नाव पाहावेच लागते. महाराष्ट्रातही सातबारा उताऱ्यावरील नाव आणि आधारपत्रावरील नाव यांतील फरकामुळे होणारा मनस्ताप शेतकऱ्यांना नवा नाही.

दोन याद्यांतील अशी नावे जुळविण्यास मदत करणारा प्रोग्राम हा अखेरच्या वर्षाच्या विद्यार्थ्याला पेलेल असा, आणि तरीही त्याचा कस पाहणारा, विषय आहे. त्याचे काम कसे चालते ते पाहू.

संगणकाला अक्षर दिसत नाही. त्याला फक्त क्रमांक कळतो. जगातील लिप्यांसाठी मान्य झालेल्या युनिकोड या संकेतात ‘ल’चा क्रमांक २३५४ आणि ‘ळ’चा २३५५ आहे. माणसाला ही दोन अक्षरे सख्खी शेजारी वाटतात आणि त्यांचे क्रमांकही लागोपाठचे आहेत. परंतु संगणकाच्या लेखी २३५४ आणि २३५५ हे दोन भिन्न अंक असल्यामुळे ‘काळे’ आणि ‘काले’ ही दोन भिन्न माणसे ठरतात. याच्या उलट प्रकारही घडतो. हिंदीतील टिंब दिलेला ‘ड़’ दोन रीतींनी साठविता येतो. २३९६ या एकाच क्रमांकाने तो लिहिता येतो, किंवा ‘ड’चा २३३७ आणि खालच्या टिंबाचा २३६४ असे दोन क्रमांक लागोपाठ देऊनही लिहिता येतो. पडद्यावर दोन्ही अगदी सारखे दिसतात. संगणक मात्र त्यांना वेगळे समजतो. म्हणून सर्व नावे आधी एका ठराविक रूपात आणणे, ही या कामाची पहिली पायरी होय.

दुसरी पायरी म्हणजे दोन नावांतील अंतर मोजणे. व्लादिमिर लेव्हेनश्टाइन या सोव्हिएत गणितज्ञाने १९६५ साली यासाठी एक माप सुचविले. एका शब्दाचा दुसरा शब्द करण्यासाठी कमीत कमी किती चिन्हे बदलावी, घालावी किंवा गाळावी लागतात, ती संख्या म्हणजे त्या दोन शब्दांतील अंतर. ते काढण्यासाठी चौकटींचा एक तक्ता करतात. एक नाव वरच्या ओळीत, दुसरे डाव्या रकान्यात लिहितात आणि बदलणे, घालणे व गाळणे या तिन्हींपैकी ज्यात सर्वांत कमी खर्च येतो तो आकडा प्रत्येक चौकटीत भरीत जातात. शेवटच्या चौकटीत येणारा आकडा हे उत्तर. ‘काळे’ व ‘काले’ यांत एकच चिन्ह बदलावे लागते, म्हणून अंतर एक. ‘पाटील’ व ‘पाटिल’ यांतही दीर्घ वेलांटीच्या जागी ऱ्हस्व वेलांटी येते एवढाच बदल असल्याने अंतर एकच.

येथपर्यंतचा भाग पुस्तकात मिळतो. खरी अडचण यापुढे सुरू होते. ‘रमेश’ आणि ‘उमेश’ यांतील अंतरसुद्धा एकच आहे, कारण पहिले अक्षर तेवढे बदलते. परंतु रमेश आणि उमेश हे एकाच घरातील दोन भाऊ असू शकतात. एक अंतर असलेली नावे सरसकट एकच मानली, तर एका भावाचे पैसे दुसऱ्याच्या खात्यावर जमा व्हावयाचे. दुसरीकडे ‘गणपत’ व ‘गणपतराव’ यांत तीन चिन्हांचे अंतर पडते, आणि तरीही माणूस एकच असतो. म्हणून केवळ मोजणी पुरत नाही. ‘ळ’च्या जागी ‘ल’ येणे किंवा वेलांटीचा ऱ्हस्वदीर्घपणा बदलणे याला कमी खर्च लावावा, ‘र’च्या जागी ‘उ’ येण्याला पूर्ण खर्च लावावा, ‘राव’, ‘बाई’ असे आदरार्थी शब्द वेगळे काढून ठेवावेत, असे नियम विद्यार्थ्याला बसवावे लागतात. हे नियम त्याला संगणकाच्या पुस्तकातून मिळत नाहीत. त्यासाठी आपली भाषा, आपल्याकडील नावे ठेवण्याची पद्धत आणि कारकुनाच्या हातून होणाऱ्या नेहमीच्या चुका यांची माहिती असावी लागते. विवाहानंतर स्त्रीचे नाव व आडनाव दोन्ही बदललेले असेल, तर कोणताही हिशेब उपयोगी पडत नाही. तेथे चौकशीच करावी लागते. असे प्रकरण बाजूला काढून ते माणसाकडे पाठविणे, ही प्रोग्रामची उणीव न समजता त्याचे कर्तव्य समजावयास हवे.

तिसरी पायरी चाचणीची. समजा, एक हजार नावांची यादी आहे आणि त्यांपैकी नऊशे नावे जशीच्या तशी जुळली. उरलेल्या शंभरांबाबत प्रोग्रामने दिलेला निर्णय बरोबर की चूक, हे कसे कळणार? त्यासाठी दोन माणसांनी ती शंभर नावे स्वतंत्रपणे तपासून खरे उत्तर आधी लिहून ठेवावे लागते आणि प्रोग्रामचे उत्तर त्याच्याशी ताडून पाहावे लागते. यात दोन प्रकारच्या चुका संभवतात. एकच माणूस असताना नावे जुळली नाहीत, तर त्या माणसाला एक खेप जास्त पडते. दोन वेगळी माणसे असताना नावे जुळली, तर एकाचा हक्क दुसऱ्याकडे जातो. या दोन चुकांची किंमत सारखी नाही. हे ओळखून नियम किती सैल वा किती कडक ठेवावयाचे ते ठरविणे आणि त्याचे कारण अहवालात लिहिणे, हा या प्रकल्पाचा गाभा होय. ज्या विद्यार्थ्याने हे केले, त्याच्या हाती संगणकशास्त्राचे मर्म आले, असे म्हणावयास हरकत नाही.

विद्यार्थिदशेतील काम वाया जात नाही

विद्यार्थ्याच्या प्रकल्पाला कोण विचारतो, असे पुष्कळदा ऐकू येते. इतिहास याच्या उलट साक्ष देतो. कानपूरच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेत मोहन तांबे यांनी एम.टेक.च्या विद्यार्थिदशेत देवनागरीतून काम करणाऱ्या संगणकयंत्रणेवर परिश्रम केले. त्या कामातून पुढे जिस्ट हे तंत्र विकसित झाले आणि १९८८ साली पुण्यास स्थापन झालेल्या सी-डॅक या संस्थेत त्याचा विस्तार झाला. भारतीय लिप्यांसाठीचा इस्की हा संकेत १९९१ साली भारतीय मानक म्हणून मान्य झाला, त्यामागेही या प्रयत्नांचा वाटा होता. त्याच वर्षी हेलसिंकी येथे लिनस टॉर्व्हाल्ड्स या विद्यार्थ्याने लिनक्स प्रणालीचा गाभा प्रथम खुला केला. आज जगातील असंख्य संगणक त्या प्रणालीवर चालतात. प्रत्येक विद्यार्थ्याकडून एवढी अपेक्षा नसते. परंतु मनापासून केलेल्या लहानशा कामाचा उपयोग पुढे कोठे आणि कसा होईल, हे आधी सांगता येत नाही.

विकतचा प्रकल्प

येथेच मोठा धोका आहे. अनेक शहरांतून महाविद्यालयांच्या आसपास तयार प्रकल्प विकणारे व्यावसायिक आढळतात. ठराविक रक्कम दिली की प्रोग्राम, छापील अहवाल आणि तोंडी परीक्षेसाठी प्रश्नोत्तरांची चिठ्ठी असे सर्व साहित्य मिळते. वाचनालयाची पुस्तकनोंद, रुग्णालयाची व्यवस्था, विद्यार्थ्यांची उपस्थिती हे तेच ते विषय नावे बदलून वर्षानुवर्षे फिरत राहतात. विद्यार्थ्याला गुण मिळतात, महाविद्यालयाचा निकाल चांगला लागतो आणि वरवर पाहता कोणाचेच नुकसान झालेले दिसत नाही.

नुकसान होते ते नंतर. शेत गहाण ठेवून किंवा भविष्यनिधीतून रक्कम काढून ज्या कुटुंबाने चार वर्षांचा खर्च केला, त्याच्या पदरात केवळ एक कागद पडतो. नोकरीच्या मुलाखतीत बहुधा पहिला प्रश्न प्रकल्पाबद्दलच असतो. ‘हा तक्ता असाच का ठेवला?’, ‘नावे लाखांच्या घरात गेली तर काय होईल?’ असे दोन प्रश्न विचारताच विकतचे काम उघडे पडते. त्या वेळी गेलेले वर्ष परत आणता येत नाही.

२०२२ सालच्या अखेरीपासून या प्रश्नाला आणखी एक बाजू प्राप्त झाली आहे. साध्या भाषेत सांगितले असता प्रोग्राम लिहून देणारी कृत्रिम बुद्धिमत्तेची साधने त्या सुमारास सर्वसामान्यांच्या हाती आली. त्यांचा वापर सरसकट निषिद्ध मानणे व्यवहार्य नाही, कारण उद्योगांतही ती वापरली जातात. परंतु ‘रमेश’ आणि ‘उमेश’ वेगळे ठेवावयाचे आहेत, ही गरज ज्याने ओळखली नाही, त्याला साधनाने दिलेला प्रोग्राम चुकीचा आहे हेही ओळखता येणार नाही. यासाठी कोणते काम साधनाने केले व कोणते स्वतः केले, हे अहवालात स्पष्ट नमूद करावे आणि प्रत्येक ओळीचे कारण तोंडी सांगता यावे, हा दंडक उपयुक्त ठरतो.

उचलेगिरीसंबंधी विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१८ साली विनियम केले आहेत. प्रबंधातील मजकुराचे साम्य दहा टक्क्यांपर्यंत असल्यास शिक्षा नाही. दहा ते चाळीस टक्के साम्य आढळल्यास सहा महिन्यांच्या आत सुधारित प्रत सादर करावी लागते. चाळीस ते साठ टक्के असल्यास एक वर्षपर्यंत प्रबंध सादर करता येत नाही आणि साठ टक्क्यांहून अधिक असल्यास नोंदणीच रद्द होते. नियम आवश्यक आहेतच; तथापि मार्गदर्शकाने दर आठवड्यास अर्धा तास विद्यार्थ्याशेजारी बसून काम पाहिले, तर अशा तपासणीची वेळच सहसा येत नाही.

नोकरीची निवड व इतर मार्ग

याच वर्षी विद्यार्थ्यावर दुसरे दडपण असते ते नोकरीचे. सातव्या सत्राच्या आरंभापासूनच कंपन्या महाविद्यालयांत येऊन निवड करू लागतात. प्रथम बुद्धिमापनाची व प्रोग्राम लिहिण्याची चाचणी, नंतर विषयाची मुलाखत आणि शेवटी वैयक्तिक मुलाखत असा हा क्रम असतो. मागील सत्रांतील विषय राहिले असतील, तर अनेक कंपन्या चाचणीलाही बसू देत नाहीत. पालकांनी येथे एक गोष्ट ध्यानात ठेवावी. निवड झाल्याचे पत्र आणि प्रत्यक्ष रुजू होणे यांत अंतर असते. २०२२ व २०२३ या वर्षांत निवड होऊनही अनेक पदवीधरांना रुजू होण्यासाठी कित्येक महिने थांबावे लागले होते. म्हणून पहिल्या पत्राच्या भरवशावर कर्ज काढणे किंवा लग्नकार्याचा खर्च ठरविणे शहाणपणाचे नाही. तसेच नोकरी देण्यासाठी कोणी अनामत रक्कम मागितल्यास ती देऊ नये. तो बहुधा फसवणुकीचाच प्रकार असतो.

महाविद्यालयात निवड झाली नाही म्हणजे सर्व संपले, असे मुळीच नाही. पुढील शिक्षणासाठी दरवर्षी गेट ही परीक्षा होते. बंगळूरची भारतीय विज्ञान संस्था आणि सात भारतीय तंत्रज्ञान संस्था मिळून ती घेतात. ती तीन तासांची व शंभर गुणांची असते आणि तिचे गुणांकन तीन वर्षे ग्राह्य धरले जाते. सार्वजनिक क्षेत्रातील काही उपक्रमही नोकरभरतीसाठी त्याचा आधार घेतात. दुसरा मार्ग शिकाऊ उमेदवारीचा. १९६१ च्या शिकाऊ उमेदवार अधिनियमात १९७३ साली दुरुस्ती होऊन अभियांत्रिकी पदवीधरांचा त्यात समावेश झाला. या योजनेखाली साधारणतः एक वर्ष विद्यावेतनासह प्रत्यक्ष कामाचे शिक्षण मिळते. पश्चिम विभागाचे यासंबंधीचे मंडळ मुंबईस आहे आणि महाराष्ट्राबरोबरच मध्य प्रदेशही त्याच्या कक्षेत येतो. तेव्हा भोपाळच्या विद्यार्थ्याला मुंबई-पुण्यात आणि नागपूरच्या विद्यार्थ्याला भोपाळमध्ये अशी संधी शोधता येते.

सर्वांचा वाटा

विद्यार्थ्याला खरा प्रश्न मिळाला की खरा प्रकल्प होतो, आणि खरे प्रश्न गावांत व कार्यालयांतच आढळतात. पाणीपुरवठ्याच्या टाकीची पातळी सरपंचाला घरबसल्या कळणे, बाजारसमितीतील आवक व दर यांची रोजची नोंद पडताळणे, शाळेच्या जुन्या दाखलपुस्तकातील नावे शोधण्याजोगी करणे, असे कितीतरी विषय सुचविता येतील. ग्रामपंचायतीने, तालुका कार्यालयाने किंवा शाळेने आपल्या अडचणींची एक साधी यादी करून जवळच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाकडे जून-जुलैमध्ये, म्हणजे विषय ठरण्याच्या वेळी पाठविली, तर विद्यार्थ्यांना विषयांसाठी वणवण करावी लागणार नाही. मध्यस्थ म्हणून गावातील शिक्षकाला हे काम उत्तम रीतीने करता येईल.

अधिकाऱ्यांनी मात्र एक दक्षता घेणे आवश्यक आहे. नागरिकांची खरी माहिती विद्यार्थ्यांच्या हाती देता कामा नये. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणासाठी २०२३ साली केंद्रीय अधिनियम झालेला आहे. आधार क्रमांक, बँक खाते, दूरध्वनी क्रमांक असे सर्व तपशील काढून टाकलेली किंवा नमुन्यादाखल रचलेली यादी प्रकल्पाच्या कामाला पुरेशी होते. नावांच्या चुका कोणकोणत्या प्रकारच्या होतात, हे अनुभवी लिपिकाने तासभर बसून सांगितले, तरी विद्यार्थ्याला हजार नावांहून अधिक उपयोग होईल.

मार्गदर्शक प्राध्यापकांनी गुण देताना दिखाऊ पडद्यांपेक्षा चाचणीला व कारणमीमांसेला अधिक वजन द्यावे. अपुरा राहिलेला, परंतु आपल्या उणिवा प्रामाणिकपणे नोंदविणारा प्रकल्प हा विकतच्या पूर्ण प्रकल्पापेक्षा श्रेष्ठ समजावा. पुढील वर्षीच्या विद्यार्थ्यांनी तोच विषय हाती घेऊन पुढे न्यावा, अशी व्यवस्था विभागाने केल्यास एका गावाचा प्रश्न दोन-तीन वर्षांत खरोखरच सुटू शकेल.

पालकांनी करावयाचे काम सर्वांत सोपे आहे. मुलगा वा मुलगी सुट्टीत घरी आल्यावर ‘नोकरी लागली का?’ या प्रश्नाच्या आधी ‘तुझा प्रकल्प कशाचा आहे, मला समजावून सांग’ असे त्यांनी विचारावे. ज्याने काम स्वतः केले आहे, तो साध्या मराठीत ते सांगू शकतो. ‘ळ’ आणि ‘ल’ यांचा घोटाळा ज्या आजोबांनी कार्यालयाच्या पायऱ्या झिजवून अनुभवला असेल, त्यांना तर त्यातील मर्म परीक्षकाच्याही आधी कळेल, आणि नियमांत राहून गेलेली एखादी उणीवही ते दाखवून देतील. पदवीची प्रमाणपत्रे आता डिजिलॉकरसारख्या व्यवस्थेतही सुरक्षित ठेवता येतात. त्या प्रमाणपत्रामागचे ज्ञान विद्यार्थ्याच्या अंगी उतरले आहे किंवा नाही, हे पाहण्यासाठी मात्र अखेरच्या वर्षी त्याच्या कामाची घरी, गावात आणि महाविद्यालयात आस्थेने चौकशी होणे जरूर आहे.